मोडशी, हैजा आणि एका फिरंगी हकिमाची दोस्ती

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आठवीच्या वर्गात साथीच्या रोगांवरचा एक उतारा शिकवत होतो. माझी मुलं उर्दू माध्यमाची, त्यामुळे मराठीच्या तासाला फळ्यावर दोन रकाने ठरलेले : उजवीकडे उर्दू, डावीकडे मराठी. ‘हैजा’ लिहिलं आणि समोर लिहिलं ‘पटकी’. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, “सर, आमची नानी हैजाला मोडशी म्हणते.” नानी मुरूडकडची. मी म्हणालो, “मोडशी म्हणजे नुसतं अपचन रे. पोट बिघडणं. हैजा वेगळा.” पोरगा खाली बसला, पण त्याला ते पटलं नव्हतं हे दिसत होतं.

चूक माझी होती. साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी गोव्यात छापलेल्या एका पोर्तुगीज पुस्तकात हे दोन्ही शब्द एकाच ठिकाणी आले आहेत. लेखक म्हणतो, या रोगाला आम्ही अमुक म्हणतो, इथले लोक ‘मोर्शी’ म्हणतात, अरब ‘हैजा’ म्हणतात. त्या ‘मोर्शी’चं पोर्तुगीजांच्या तोंडी पुढे ‘मोर्देशी’ झालं. रोग कसा येतो, माणूस काही तासांत कसा हातचा जातो, जून-जुलैत तो कसा जोर धरतो, हे सगळं तिथे लिहिलेलं आहे. इथले वैद्य मिरी आणि जिरं घालून कांजी पाजतात आणि पायांना डाग देतात, हेसुद्धा. आशियातल्या या रोगाचं युरोपियन माणसाने केलेलं हे पहिलं नीट वर्णन मानलं जातं. ते करणाऱ्याचं नाव गार्सिया दा ओर्टा. त्याला यातले अरबी शब्द शिकवणाऱ्यांमध्ये एक होता अहमदनगरचा सुलतान, बुरहान निजामशाह.

ओर्टाचं नाव मुंबईच्या इतिहासात एका ओळीत येतं : पोर्तुगीजांच्या काळात मुंबई बेट ज्याच्याकडे खंडाने होतं तो डॉक्टर. पण त्याची खरी कमाई झाडांची होती. हिंदुस्थानात तो चौतीस वर्षं राहिला आणि त्यातला बराच काळ मुळं, साली, डिंक, फळं, बिया यांची चौकशी करण्यात गेला. हे कुठून येतं, झाड कसं असतं, कशावर देतात, कोण काय नावाने ओळखतं?

त्याचा जन्म साधारण १५०१ सालचा, पोर्तुगालमधल्या कास्तेलो दे व्हिदे गावचा. आईवडील मूळचे स्पेनचे यहुदी. १४९२ साली स्पेनने यहुद्यांना देशाबाहेर काढलं (त्याच वर्षी ग्रनाडाही पडलं होतं) तेव्हा हे कुटुंब सरहद्द ओलांडून पोर्तुगालात आलं. पाच वर्षांनी तिथेही बाप्तिस्मा सक्तीचा झाला. अशा लोकांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. नाव बदललं, चर्चमध्ये जाणं सुरू झालं, तरी शेजाऱ्याची नजर घरावर असायचीच. शुक्रवारी संध्याकाळी दिवा कधी लागतो, डुकराचं मांस खातात की नाही, यावर माणसाचा जीव टांगलेला. ओर्टा सालामांका आणि अल्काला इथे वैद्यकी शिकला, लिस्बनला विद्यापीठात शिकवू लागला. १५३४ च्या मार्चमध्ये मार्तिम अफोन्सो दे सौझा या सरदाराच्या ताफ्यात वैद्य म्हणून तो जहाजावर चढला आणि सप्टेंबरात गोव्याला उतरला. पुन्हा मायदेशी गेला नाही.

सुरुवातीची वर्षं सौझाबरोबर फिरण्यात गेली. गुजरात, दीव, वसई. १५३४ मध्येच त्याने घारापुरीची लेणी पाहिली. पुस्तकात तो त्या बेटाला ‘पोरी’ म्हणतो, म्हणजे आपली पुरीच. मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जाताना घारापुरी दिसली की मला हटकून हा माणूस आठवतो. पुढे लेण्यांची नासधूस झाल्याचंही त्याने नोंदवलं.

१५३८ च्या सुमारास त्याने गोव्यात बस्तान बसवलं. दवाखाना चालवला, मसाल्यांचा आणि रत्नांचा व्यापार केला, बाग लावली. आणि याच काळात त्याची अहमदनगरच्या वाऱ्या सुरू झाल्या.

बुरहान निजामशाह त्याच्या जवळजवळ बरोबरीच्या वयाचा. सात वर्षांचा असताना गादीवर आला आणि १५५३ साली वारला, तोवर राज्य केलं. या घराण्याचं मूळ आपल्या मराठवाड्यातल्या पाथरीचं. फरिश्ता सांगतो की बुरहानचे आजोबा मलिक हसन हे पाथरीच्या ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले, लढाईत बहामनी सैन्याच्या हाती सापडले आणि पुढे मुसलमान झाले. म्हणजे तिथे राजा पाथरीच्या ब्राह्मणाचा नातू, त्याचा पेशवा काही काळ ब्राह्मण, मसलतीला शाह ताहिर यांच्यासारखा इराणातून आलेला आलिम, आणि औषधपाण्याला इराणी-अरबी हकीम. त्यात हा पोर्तुगीज वैद्य, जो वरून कॅथलिक आणि आतून यहुदी. आज कोणी अशी कादंबरी लिहिली तर आपण म्हणू, फारच जुळवून आणलंय.

ओर्टा लिहितो की निजामशाहाने त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावं शिकवली, आणि त्याने निजामशाहाला तीच नावं लॅटिनमध्ये शिकवली. सुलतानाला याचा फार आनंद व्हायचा, असंही तो सांगतो.

शिक्षक असल्यामुळे असेल, पण मी या मजकुराशी बराच वेळ थांबलो. तवारीखांमध्ये बुरहान निजामशाह भेटतो तो विजापूरशी लढताना, सोलापूर-परांड्यासाठी झगडताना, शिया पंथ स्वीकारताना. इथे भेटतो तो शब्दांसाठी लोभावलेला माणूस. चाळिशीच्या आसपासचे दोघे समोर एक मुळी ठेवून बसले आहेत, एक म्हणतो आमच्याकडे याला हे म्हणतात, दुसरा म्हणतो आमच्याकडे हे. माझ्या फळ्यावरचे दोन रकाने याहून वेगळे काय असतात?

हे रकाने भरायला लागलं की भाषा कशी एकमेकींच्या घरात शिरलेली असते ते कळतं. सुपारीवरच्या प्रकरणाला ओर्टाने नाव दिलंय अरबी : ‘फौफल’. दख्खनमध्ये सुपारी म्हणतात, हेही नोंदवलं. आता आपल्या कोकणात सुपारीच्या झाडाला पोफळ म्हणतात. पोफळ आणि फौफल, दोन्ही संस्कृतातल्या पूगफलातून निघालेले. एक कोकणातच राहिला, दुसरा गलबतात बसून अरबस्तानात गेला आणि हकिमांच्या किताबांतून परत आला. चिंचेचं उलट आहे. ‘तमर-ए-हिंदी’, हिंदुस्थानचा खजूर, हे नाव अरबांनी दिलं, त्याचं युरोपात ‘टॅमरिंड’ झालं. ओर्टाला हे समजावून सांगावं लागतं की बाबांनो, ही चिंच आहे, खजुराशी हिचा संबंध नाही, अरबांना जवळचं दुसरं नाव सुचलं नाही म्हणून हे पडलं. अफूचं मूळ ग्रीक, तिथून अरबी अफयून, तिथून आपली अफू. कापूर म्हणजे काफूर. या चार-पाच शब्दांवर मी एक अख्खा तास घालवला आणि अभ्यासक्रम मागे पडला, तो भाग वेगळा.

निजामशाहाने ओर्टाला वेळोवेळी मिळून बारा हजार पारदाव दिले. पारदाव हे सोन्याचं नाणं, नावाचं मूळ दक्षिणेतल्या ‘प्रताप’ नाण्यात. आपल्याकडे राहशील तर वर्षाला चाळीस हजार देईन, असंही सांगून पाहिलं. ओर्टाने ते घेतलं नाही. का, याबद्दल माझा अंदाज असा : पोर्तुगीज हद्द सोडून मुसलमान राजाच्या पदरी कायमचं जाणं म्हणजे गोव्यात आपल्या मागे राहिलेल्या प्रत्येक नातेवाइकाकडे बोट दाखवायला लोकांना कारण देणं. आणि तो तर नवा ख्रिस्ती. येत-जात राहणारा वैद्य असणं सुरक्षित होतं, सुलतानाचा माणूस असणं नव्हतं. १५४३ साली गोव्यात जेरोनिमो दियास या नव्या ख्रिस्ती वैद्याला यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून मारून जाळण्यात आलं होतं. गोव्यात तेव्हा इन्क्विझिशन यायला अजून सतरा वर्षं होती.

मग याला दोस्ती म्हणायचं का? एक राजा, एक पगारी वैद्य. शिवाय हे सगळं आपण ओर्टाच्या तोंडून ऐकतो, आणि आपल्याला किती मान मिळाला हे सांगण्यात तो काही कमी पडत नाही. हे मान्य करूनही मी दोस्तीच म्हणेन. बुरहान वारल्यावर दहा वर्षांनी पुस्तक छापलं गेलं, तरी तो पानापानांतून येत राहतो. मेलेल्या राजाकडून काय मिळणार होतं? उलट गोव्यातल्या त्या वातावरणात मुसलमान सुलतानाकडून मी शिकलो असं छापणं नफ्याचं नव्हतं.

पुस्तक १० एप्रिल १५६३ रोजी छापून निघालं. मराठीत नाव सांगायचं तर ‘हिंदुस्थानातील वनस्पती आणि औषधी द्रव्यांविषयी संवाद’. गोव्यात छापखाना येऊन जेमतेम सात वर्षं झाली होती. चुका इतक्या राहिल्या की शुद्धिपत्रकच कित्येक पानांचं झालं. (परीक्षेचे पेपर तपासणाऱ्याला हे वाचून थोडा दिलासा मिळतो.) लुईश द कामोइंश, पुढे पोर्तुगालचा सर्वांत मोठा कवी ठरला तो, तेव्हा गोव्यात कफल्लक अवस्थेत होता. त्याची छापलेली पहिली कविता याच पुस्तकात आहे.

सगळं पुस्तक संवादात लिहिलेलं आहे. एका बाजूला ओर्टा स्वतः, दुसऱ्या बाजूला रुआनो नावाचा डॉक्टर, जो स्पेनमधून नुकताच उतरलाय आणि ज्याला सगळं ग्रीक-लॅटिन ग्रंथांतून माहीत आहे. रुआनो काल्पनिक. तो म्हणतो, गॅलनने असं लिहिलंय. ओर्टा म्हणतो, लिहिलं असेल, पण मी झाड पाहिलंय. एके ठिकाणी तो कबूल करतो की स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध बोलायची हिंमत झाली नसती. मधेच नोकर येऊन सांगतो की अमक्याने बोलावलंय, भाऊ फार आजारी आहे, आणि ओर्टा उठून जातो. मोडशीचं प्रकरण असंच सुरू होतं. मधेच मालुपा नावाचा हिंदू वैद्य येऊन बोलतो. आंब्याच्या प्रकरणात मुंबई बेटावरचा त्याचा कूळ सिमाव तोस्कानो आंब्यांची टोपली घेऊन दारात उभा राहतो. ओर्टा अभिमानाने सांगतो, माझ्या बेटावर एक झाड आहे, वर्षातून दोनदा फळतं.

हिंगाचं प्रकरण मला विशेष आवडतं. तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये शिरताच जो वास नाकाला झोंबतो, त्याला ओर्टा वैतागलेला होता. पण लिहिताना लपवाछपवी नाही. विजयनगरला एका पोर्तुगीजाचा भारी घोडा होता, पण त्याला वायूचा त्रास, म्हणून राजा घेईना. धन्याने पिठात हिंग कालवून चारलं, घोडा बरा झाला, राजाने विकत घेतला आणि विचारलं कसा बरा केलास. हिंग दिला म्हटल्यावर राजा म्हणाला, त्यात नवल काय, देवांचं खाणं दिलंस. धन्याने मनातल्या मनात म्हटलं, सैतानाचं. असे किस्से पुस्तकभर आहेत. गुजरातच्या सुलतान बहादूरशाहाचा भांगेबद्दलचा किस्साही आहे : रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान फिरून यावंसं वाटलं की आपण थोडी भांग खातो, असं तो सौझाला म्हणाला होता.

त्याची बाजू घेताना एक गोष्ट झाकायची नाही. त्याच्या घरात काम करणारी, बागेतून पानं तोडून आणणारी आंतोनिया गुलाम होती. झाडांची खरी ओळख तिच्याही हातून झालेली असणार, पण पुस्तकात ती हुकूम ऐकण्यापुरतीच येते. आणि हिंदू वैद्यांचे उपाय उचलताना तो त्यांना बेधडक अडाणीही म्हणून जातो. अरबी हकिमांबद्दल, इब्न सीनाबद्दल त्याचा सूर वेगळा आहे, कारण ती विद्या त्याच्या विद्यापीठात शिकवली जात होती. लोकांच्या तोंडी असलेली विद्या त्याने घेतली खूप, मान मात्र हात राखून दिला.

मुंबई बेट त्याच्याकडे आलं १५५४ च्या सुमारास. तिथे त्याने घर बांधलं, बाग लावली. आज एशियाटिकच्या टाउन हॉलमागे नौदलाच्या ताब्यातला जो भाग आहे, तिथे ते घर होतं. पुढे इंग्रजांचा किल्ला त्याच जागी उभा राहिला.

१५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यात आलं. पुस्तक निघालं ते त्यानंतर तीन वर्षांनी, व्हाइसरॉयच्या परवानगीने. त्यात यहुद्यांविषयी आपुलकीचा एक शब्द त्याने स्वतःच्या नावाने लिहिलेला नाही. कितीतरी झाडांची नावं अनेक भाषांत गोळा करणारा माणूस स्वतःच्या घराण्याचं नाव मात्र गिळून बसला होता. सौझाची मैत्री आणि मोठमोठ्या लोकांची नाडी हातात असल्यामुळे तो जिवंत असेपर्यंत निभावलं. १५६८ मध्ये तो वारला.

त्यानंतर वर्षभरात बहीण कातारिनाला पकडलेलं होतं. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला गोव्यात जाळण्यात आलं. चौकशीत तिच्या नवऱ्याने, लिओनेल पेरेशने सांगितलं की गार्सियासुद्धा मूसाचाच धर्म खरा मानत होता. मेलेल्या माणसावर खटला चालू शकतो हे आपल्याला विचित्र वाटतं. तिथे चालत असे. डिसेंबर १५८० मध्ये ओर्टाची हाडं थडग्यातून उकरून जाळण्यात आली.

पुस्तकाचं काय झालं? ते आधीच निसटलं होतं. क्लुझियस नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ १५६४ च्या सुमारास लिस्बनमध्ये होता, तिथे त्याच्या हाती एक प्रत पडली. त्याने लॅटिनमध्ये संक्षेप केला आणि १५६७ मध्ये, ओर्टा हयात असतानाच, अँटवर्पला छापला. १५७४ मध्ये पुन्हा छापला. १५७९ मध्ये पुन्हा. म्हणजे गोव्यात हाडं जाळली त्याच्या आदल्या वर्षी युरोपातले डॉक्टर आणि औषधविक्रेते हिरडा, सुंठ, हिंग त्याच्याच माहितीवर ओळखत होते. ओर्टा खुद्द मात्र बऱ्याच काळ लॅटिनमधूनच वाचला गेला. मूळ पोर्तुगीज पुस्तक काउंट फिकाल्यो यांनी टिपांसह नीट संपादून लिस्बनला काढलं ते १८९१ ते १८९५ या वर्षांत, आणि त्यावरून क्लेमंट्स मार्कम यांचं इंग्रजी भाषांतर १९१३ साली आलं.

क्लुझियसने चित्रं घातली, मजकूर आवरून सावरून लावला. त्याला संवाद नको होते, औषधं हवी होती. त्यामुळे दारात आलेला आंबेवाला गेला, मधेच आलेलं बोलावणं गेलं, रुआनोची हुज्जत गेली. कोणत्या मुळीचा काय गुण, ते राहिलं. ते कुणी कुणाला कुठे बसून सांगितलं, यातलं बरंच गळलं. सुटसुटीत पुस्तकं चांगली खपतात, त्यात क्लुझियसचा दोष नाही. पण अहमदनगरच्या महालात दोन माणसं बसून एकमेकांना शब्द शिकवत होती, हे कळायचं असेल तर गोव्यात छापलेल्या, चुकांनी भरलेल्या त्या मूळ पोथीकडेच जावं लागतं.

पुढच्या तासाला मी वर्गात माफी मागितली. ‘पटकी’शेजारी ‘मोडशी’ लिहिलं, आणि त्या मुलाला सांगितलं की तुझ्या नानीचा शब्द १५६३ सालच्या पुस्तकात आहे. फळ्याचा फोटो काढून दे म्हणाला, दिला. दोन दिवसांनी परत आला. मी विचारलं, काय म्हणाली नानी?

“नानी म्हणाली, एवढी पुस्तकं कशाला चाळली सरांनी? मला विचारायचं ना.”